विक्रांतचे डेक आणि समोरचा वारा

भौतिकशास्त्रातील एका गाजलेल्या कोड्यात विमान सरकत्या पट्ट्यावर उभे केलेले असते आणि ते ज्या वेगाने पुढे जाईल त्याच वेगाने पट्टा मागे सरकतो. असे विमान उडेल काय, हा प्रश्न असतो. विमान उडते, कारण त्याचे इंजिन चाके फिरवीत नाही, तर हवा किंवा वायू मागे लोटून पुढे जाते, आणि मोकळी चाके फार तर दुप्पट वेगाने फिरतात. पंखांना उचल मिळते ती हवेच्या संदर्भात मोजलेल्या, म्हणजेच सापेक्ष वेगामुळे.

मुंबईची नौदल गोदी जिचे घर होते, त्या आयएनएस विक्रांत या विमानवाहू नौकेचे सारे कामकाज या तत्त्वावर चाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये बांधायला घेतलेली आणि 1957 मध्ये भारताने विकत घेतलेली ही नौका 4 मार्च 1961 रोजी बेलफास्ट येथे नौदलात दाखल झाली व त्याच वर्षी 3 नोव्हेंबरला मुंबईत आली. सुमारे 213 मीटर लांबीच्या या नौकेवरून सी हॉक जेट विमाने उडवायची, तर धावपट्टीची उणीव कॅटापल्टने, म्हणजे वाफेच्या दाबाने विमान पुढे फेकणाऱ्या यंत्रणेने, आणि नौकेच्या गतीने भरून काढावी लागे. समजा, विमानाला उडण्यासाठी 110 नॉट हवेत (1 नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर), नौका 20 नॉट वेगाने 10 नॉटच्या वाऱ्याला सामोरी गेली, तर कॅटापल्टला केवळ 80 नॉट द्यावे लागतात, पण तोच वारा पाठीमागून आला, तर 100. कोड्यातला पट्टा विमानाला अडवू शकत नाही, कारण चाके मोकळी असतात. इथे मात्र विमान डेकवर धरून ठेवलेले असल्यामुळे नौकेचा वेग त्याला आयता मिळतो. म्हणूनच उड्डाणाच्या वेळी नौकेची दिशा कप्तानाच्या मर्जीपेक्षा वारा ठरवीत असे.

हे गणित सर्वांत अवघड झाले ते 1971 च्या सुमारास. 1970 मध्ये मुंबईच्या गोदीत बॉयलरमध्ये तडे आढळले, त्यामुळे नौकेला पूर्ण वेग घेता येईना. आणि कॅटापल्टची वाफही त्याच बॉयलरांमधून येत असल्याने अडचण दुहेरी होती. तरीही कमी दाबावर बॉयलर चालवून चाचण्या झाल्या आणि भारत-पाकिस्तान युद्धात 4 डिसेंबर 1971 रोजी विक्रांतवरील सी हॉक विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील कॉक्स बाजारवर हल्ला केला. या मोहिमेच्या वर्णनांत वैमानिकांच्या धाडसाचे कौतुक रास्तच होते, मात्र बॉयलरपाशी राबणाऱ्यांचा उल्लेख त्या मानाने त्रोटक राहतो.

पुढे सी हॅरियर विमानांसाठी कॅटापल्ट काढून नौकेच्या पुढच्या टोकाला वर चढत जाणारा उतार बसवण्यात आला. उड्डाणापूर्वी नौकेचे तोंड वाऱ्याकडे वळवण्याची पद्धत मात्र तशीच राहिली.