मालिकेतली मालिका

कथेतल्या माणसांनी आपल्याच जगातली एखादी विज्ञानमालिका पाहावी, तिचे वेडे चाहते असावेत, तिच्या भागांवर वाद घालावेत, आणि ती मालिका मुळात कुणी काढलेलीच नसावी, ही रीत दूरचित्रवाणीच्या काळातली. तिचे मूळ मात्र रंगभूमीवर आहे. संस्कृत नाटकातल्या अशा आतल्या नाटकाला गर्भांक म्हणतात. त्याचा सर्वांत हृद्य नमुना भवभूतीचा. आठव्या शतकातला हा नाटककार पद्मपूरचा, आणि ते गाव विदर्भातले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ‘उत्तररामचरिता’च्या सातव्या अंकात वाल्मीकींनी रचलेले नाटक गंगेच्या काठी अप्सरा सादर करतात आणि प्रेक्षकांत खुद्द राम बसलेला असतो. टाकून दिलेल्या सीतेचे हाल समोर दिसताच तो कासावीस होऊन तिला थांबवू पाहतो. हे नाटक आहे, याची आठवण त्याला लक्ष्मणाने करून द्यावी लागते. प्रसंगाचे सारे बळ या एका प्रेक्षकाच्या विसरण्यात आहे. पुढे युरोपात सेर्व्हान्तेसने हेच बळ ओळखले. ‘डॉन किहोते’च्या 1615 साली आलेल्या दुसऱ्या भागात बाहुल्यांचा खेळ पाहता पाहता नायक तलवार उपसतो आणि बाहुल्यांवर तुटून पडतो.

महाराष्ट्राच्या लोकपरंपरेत याच्या उलट जातीचा प्रेक्षक घडला. सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातले वेळापूर हे ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या मुक्कामाचे गाव. सोहळ्यात इथे मानाचे भारूड होते. एकनाथांच्या भारुडांत वासुदेव, जोशी, भुत्या अशी सोंगे येतात. पाहणाऱ्याला सोंगही दिसते, सोंगाखालचा वारकरीही दिसतो आणि बोलातला अध्यात्माचा अर्थही कळतो. तिन्ही पातळ्या एकाच वेळी धरण्याची ही सवय मोठी आहे; इथे खेळ खरा वाटण्याची गरजच पडत नाही. विजय तेंडुलकरांनी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये (1967) याच सवयीला धक्का दिला. लुटुपुटूचा खटला बघता बघता नाटकातल्या बेणारेबाईंवरचा खरा खटला होतो, आणि खेळ कुठे संपला ते कुणालाच सांगता येत नाही.

दूरचित्रवाणीवर या रीतीला विज्ञानकथेचे रूप मिळायला ‘स्टार ट्रेक’ कारणीभूत झाली. 8 सप्टेंबर 1966 रोजी सुरू झालेली ही अमेरिकी मालिका तीन वर्षांत, 79 भागांनंतर बंद पडली. तिचे चाहते मात्र वाढतच गेले. एवढ्या सर्वपरिचित मालिकेबद्दल कथा लिहायची, तर तिचे नाव बदलणे सोयीचे होते: हक्कांची अडचण टळे आणि हवे ते बोलता येई. खुद्द ‘स्टार ट्रेक’च्या जगात तर ‘स्टार ट्रेक’ असूच शकत नाही, कारण त्या जगात तो इतिहास आहे. म्हणून 1998 मध्ये तिच्याच ‘व्हॉयेजर’ या शाखेने ‘कॅप्टन प्रोटॉन’ हा जुन्या साहसपटांच्या थाटाचा कृष्णधवल खेळ रचला आणि अंतराळवीरांना फावल्या वेळात त्यात शिरायला लावले.

मराठी विज्ञानकथेची वाट वेगळी होती. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली आणि ती पहिली आली. पुढच्या काळात त्यांनी पुस्तकांना ‘अंतराळातील भस्मासुर’, ‘वामन परत न आला’ अशी नावे दिली. एका कथेतून दुसऱ्या कथेकडे बोट दाखवायचे, तर ती दुसरी कथा वाचकाला आधीच ठाऊक हवी, आणि मराठी वाचकाच्या घरात ते स्थान पुराणांचे होते. दूरदर्शनवर ‘कॅप्टन व्योम’ ही विज्ञानमालिका आली ती 1998 मध्ये, आणि तीही हिंदीत.

या रीतीची सर्वांत परिपूर्ण कृती म्हणजे ‘गॅलॅक्सी क्वेस्ट’ हा 1999 चा चित्रपट. त्यातली त्याच नावाची मालिका बंद पडून बरीच वर्षे झालेली आहेत आणि तिचे नट चाहत्यांच्या मेळाव्यांत सह्या देऊन पोट भरतात. परग्रहावरच्या थर्मियन लोकांना तिचे भाग मिळतात. खोटे बोलणे त्यांना माहीतच नाही, म्हणून ते त्या भागांना ऐतिहासिक कागदपत्रे समजतात, त्यावरून खरे यान बांधतात आणि नटांना युद्धावर नेतात. राम आणि किहोते यांच्या पंगतीतला हा तिसरा प्रेक्षक. पण दिग्दर्शक डीन पॅरिसो त्याची टर उडवत नाहीत. त्या विश्वासाला जागण्यासाठी थकलेले नट खरोखर शूर होतात, आणि यानाचा आराखडा तोंडपाठ असलेली शाळकरी चाहते मुलेच त्यांना वाचवतात. चाहत्याला इतका मान देणारी दुसरी कलाकृती सापडणे कठीण. या चित्रपटाला विज्ञानकथांसाठीचे 2000 चे ह्यूगो पारितोषिक मिळाले.

त्यानंतर अशा मालिका वारंवार दिसू लागल्या. ‘स्टारगेट एसजी-1’ने 2001 मध्ये आपल्या शंभराव्या भागात ‘वर्महोल एक्स-ट्रीम’ आणली: सैन्य ती मुद्दाम चालू देते, म्हणजे परग्रहांवर जाण्याचे सैन्याचे खरे गुपित फुटले तरी लोक ते मालिकेतले समजतील. ‘कम्युनिटी’ या विनोदी मालिकेत 2011 मध्ये आलेला ‘इन्स्पेक्टर स्पेसटाइम’ हा ब्रिटिश ‘डॉक्टर हू’चा प्रतिध्वनी, तो इतका आवडला, की ती भूमिका करणाऱ्या नटाने नाव बदलून वेबमालिकाच काढली.

मार्था वेल्स यांच्या ‘ऑल सिस्टिम्स रेड’मध्ये (2017) प्रेक्षकच यंत्र आहे. अर्धा यंत्र, अर्धा सजीव असा हा सुरक्षारक्षक आपल्यावरचा ताबा स्वतःच तोडतो आणि मोकळीक मिळताच 35,000 तासांहून थोडी कमी करमणूक पाहून, वाचून, ऐकून काढतो. त्याची सर्वांत लाडकी मालिका ‘द राइज अँड फॉल ऑफ सँक्च्युअरी मून’. ती खोटी आहे हे त्याला पक्के ठाऊक असते, तरी माणसांशी कसे वागावे हे तो तिच्यातूनच शिकतो. 2025 मध्ये या पुस्तकावर ‘मर्डरबॉट’ ही मालिका निघाली, तेव्हा कागदावर नुसत्या नावाने नांदलेल्या ‘सँक्च्युअरी मून’साठी वेगळे नट घेऊन तिची दृश्ये खरोखर चित्रित करण्यात आली.