ऑटोक्रॉससाठी मोटारीची जुळणी : सस्पेन्शन आणि अलाइनमेंट

११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादेत हुसेनसागर तलावाकाठी फॉर्म्युला ई या विद्युत मोटारींच्या जागतिक मालिकेची भारतातील पहिली शर्यत झाली. सुमारे २.८३ किलोमीटरचा, १८ वळणांचा हा मार्ग शहराच्या रहदारीच्या रस्त्यांवरच आखला होता. फ्रान्सचा जाँ-एरिक व्हर्न विजयी ठरला. अशा अरुंद, वळणदार मार्गावर इंजिनाच्या ताकदीइतकेच महत्त्व टायरच्या पकडीला असते. हौशी चालकाला हेच तत्त्व ऑटोक्रॉसमध्ये कमी वेगात आणि कमी खर्चात अनुभवता येते.

ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या मैदानावर शंकूंनी आखलेल्या मार्गावर एका वेळी एकच मोटार घड्याळाविरुद्ध चालवणे. शंकू पाडल्यास दंड म्हणून वेळ वाढवला जातो. परदेशात ही स्पर्धा बहुधा डांबरी वाहनतळावर होते, तर भारतात ती पुष्कळदा मातीच्या मैदानावर भरते. मोटारीची जुळणी करताना हा फरक प्रथम ध्यानात घ्यावा.

जुळणीत तीन कोन महत्त्वाचे. समोरून पाहता चाकाचा उभा कल म्हणजे कॅम्बर. वळणावर मोटार बाहेरच्या बाजूला झुकते आणि त्या बाजूच्या चाकाचा माथाही बाहेर कलतो. तो आधीच थोडा आत झुकवलेला, म्हणजे ऋण कॅम्बरचा असेल, तर टायर रस्त्यावर सपाट टेकतो. डांबरी मार्गासाठी पुढील चाकांना साधारण दीड ते तीन अंश ऋण कॅम्बर ठेवतात. वरून पाहता दोन्ही चाकांची टोके आत वा बाहेर वळलेली असणे म्हणजे टो. पुढे किंचित बाहेरचा टो असल्यास मोटार वळणात चटकन शिरते. मागे किंचित आतला टो तिला स्थिर ठेवतो. स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे असलेला कल म्हणजे कास्टर. तो वाढवल्यास वळताना बाहेरच्या चाकाला अधिक ऋण कॅम्बर मिळतो, मात्र स्टिअरिंग जड होते.

अनेक स्पोर्ट्स कारमध्ये हे कोन चारही चाकांना बदलता येतात. आपल्याकडे हौशी चालकांच्या हाती बहुधा स्विफ्ट किंवा पोलोसारखी मोटार असते. तिला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे टॉर्शन बीम असतो. त्यामुळे पुढील टो सहज बदलतो, कॅम्बरसाठी वेगळे बोल्ट किंवा प्लेट लागतात आणि मागील कोन जवळजवळ ठरलेलेच राहतात. पुढील चाकांवर चालणारी अशी मोटार स्टिअरिंग वळवूनही सरळ ओढत असेल, तर मागील अँटी-रोल बार कडक करणे हा प्रचलित उपाय आहे.

प्रारंभ मात्र टायरमधील हवेपासून करावा. त्यास जवळजवळ खर्च नाही. टायरच्या कडेवर खडूची रेघ ओढून एक फेरी मारावी. रेघ खांद्याखालपर्यंत पुसली गेली तर हवा कमी आहे आणि ट्रेडच्या कडेपर्यंतही पुसली नाही तर जास्त आहे. त्यानंतर कॅम्बर, टो आणि शेवटी शॉक अॅब्सॉर्बर, असा क्रम ठेवावा. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक फेरीची वेळ वहीत नोंदवावी. एरवी कोणत्या बदलाने काय साधले, हे कळत नाही. मातीच्या मैदानावर मऊ स्प्रिंग, जमिनीपासून अधिक उंची आणि कमी कॅम्बर उपयोगी पडतात.

तीच मोटार दुसऱ्या दिवशी कामावर न्यायची असते, हे विसरू नये. बाहेरच्या टोमुळे टायर आतल्या कडेने लवकर झिजतात आणि पावसाळ्यात पाणी साचलेल्या रस्त्यावर मोटार अस्थिर वाटते. स्पर्धेपूर्वीची मापे लिहून ठेवून नंतर तीच पुन्हा लावणे हिताचे. नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार चालत नाहीत. कलम १८९ प्रमाणे राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे हा गुन्हा आहे. सरावासाठी बंदिस्त मैदान आणि भारतीय मोटर स्पोर्ट्स क्लब महासंघाची मान्यता असलेली स्पर्धा हाच योग्य मार्ग होय.