जावे की राहावे?



आमच्या कचेरीत येणारा कामगार बहुधा बोनसचा, नाही तर कामावरून कमी केल्याचा प्रश्न घेऊन येतो. पण मध्यंतरी एक तरुण फिटर निराळाच प्रश्न घेऊन आला. "भाऊ, कारखाना बंद पडला. शेजारच्या राज्यात काम मिळतंय, पगारही बरा आहे. पण आई इथे, घर इथे. जाऊ की नको?" आम्हांला त्याला तेव्हा उत्तर देता आले नाही. आमचे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढची शाळा म्हणजे युनियनच्या कपाटातली पुस्तके. अडले की आम्ही त्या कपाटाकडे वळतो. तेथे आम्हांला असे आढळले की, हाच प्रश्न एका संबंध समाजाने दोनतीन पिढ्या सोसला आहे. तो समाज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील कृष्णवर्णीय लोक. त्यांचे नाते आपल्याला नवे नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला तो ह्याच लोकांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकनांना.

तेथील गुलामगिरी १८६५ साली कायद्याने गेली. पण जमीन राहिली जुन्या मालकाकडेच. मुक्त झालेला गुलाम त्याच मालकाची जमीन बटाईने कसू लागला. बियाणे मालकाचे, दुकान मालकाचे आणि हिशेबाची वहीही मालकाच्याच हाती! कापूस कितीही पिकला तरी वर्षाअखेर बाकी कुळाच्याच नावे निघे. जाब विचारावा तर झुंड दाराशी येई.

१८७९ साली हजारो माणसे ही राज्ये सोडून कॅन्ससकडे निघाली, आणि तेव्हाच मोठा वाद माजला. स्वतः गुलामीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस म्हणाले की, जाऊ नका. जेथे आपली संख्या आहे तेथेच आपल्या मताला बळ आहे. सरकारने माणसाचे रक्षण तो असेल तेथे केले पाहिजे, पळून जाणे हा हक्कावर सोडलेला दावा होय. रिचर्ड ग्रीनर ह्यांचे म्हणणे उलट होते. जाणारा तर सुटेलच, शिवाय काही लोक गेले म्हणजे मागे राहणाऱ्यांना मालक बरे वागवतील. श्रोतेहो, ह्या वादात खोटे कोणीच बोलत नव्हते. म्हणूनच तो प्रश्न अवघड.

पुढे १९१४ साली महायुद्ध पेटले. युरोपातून येणारे मजूर थांबले आणि उत्तरेकडील कारखान्यांना हात कमी पडू लागले. इकडे दक्षिणेत बोंडे पोखरणाऱ्या किडीने कापूस खाल्ला. मग जी रीघ लागली ती १९७० पर्यंत थांबली नाही. सुमारे ६० लाख माणसे दक्षिण सोडून गेली. एकट्या शिकागोत १९१० साली त्यांची वस्ती सुमारे ४४ हजार होती, ती १९२० साली १ लाख ९ हजारांवर गेली.

ही माणसे आंधळेपणाने गेली काय? मुळीच नाही. शिकागोच्या 'डिफेंडर' ह्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राकडे दक्षिणेतून पत्रांचा ओघ लागला. त्यांतली पुष्कळ पत्रे १९१९ साली छापली गेली. त्यांत सुतार आहेत, कपडे धुणाऱ्या बाया आहेत, शिक्षकही आहेत. काम कोणते, मजुरी किती, गाडीभाडे आगाऊ मिळेल काय, मुलांना शाळा आहे काय, असे त्यांचे प्रश्न आहेत. आणि कितीतरी जणांची विनंती आहे की, आमचे नाव मात्र छापू नका. शेवटच्या ह्या विनंतीतच त्यांच्या जाण्याचे अर्धे कारण आले.

मालक घाबरले. जॉर्जियातील मेकन शहराने मजूर नेणाऱ्या मुकादमांवर २५,००० डॉलरच्या परवान्याची अट घातली. काही गावांत पोलिसांनी स्थानकावरूनच माणसे परत फिरवली. ज्याला काडीचीही किंमत नव्हती, त्याच्या जाण्याने मालकाची झोप उडाली. शेकडो माणसे कामावरून एकदम निघून गेली तर त्याला आम्ही संप म्हणतो. हाही संपच होता.

पण तराजूचे दुसरे पारडेही पाहिले पाहिजे. उत्तरेत पगार बरा होता, मत देता येत होते, परंतु घरे ठराविक वस्तीतच मिळत. आणि येथे आम्हांला मान खाली घालावी लागते, कारण पुष्कळशा युनियनांनी त्यांना दार बंद केले. ईस्ट सेंट लुइस येथे मालकांनी ह्या नव्या माणसांना कामावर घेतले. युनियनच्या प्रतिनिधींनी मे १९१७ मध्ये नगरपालिकेकडे मागणी केली की, ह्यांचे येणे थांबवा. २ जुलैला दंगल उसळली. सरकारी आकड्याप्रमाणे ३९ कृष्णवर्णीय व ९ गोरे मेले. युनियनने दार लावले म्हणून मालकाला संपफोडे मिळाले, आणि संपफोडे आले म्हणून युनियनने दार अधिकच घट्ट लावले. हे परक्यांचे पाप म्हणून आपण हसू नये. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला शिरकाव नव्हता. कांडीचे सूत तोंडाने ओढावे लागे म्हणून विटाळाची सबब सांगत. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हे पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडले.

दार उघडले ते त्यांनी स्वतःच. फ्लोरिडा सोडून न्यूयॉर्कला आलेल्या फिलिप रँडॉल्फ ह्यांनी १९२५ साली आगगाडीच्या शयनडब्यांतील कृष्णवर्णीय नोकरांची युनियन बांधली. 'डिफेंडर'चे अंक दक्षिणेत चोरून पोचवणारे नोकर ते हेच. पुलमन कंपनीशी करार व्हायला बारा वर्षे लागली. तो १९३७ साली झाला. ह्याच युनियनचे माँटगोमेरी येथील पुढारी होते ई. डी. निक्सन. ते दक्षिणेतच राहिले. १९५५ साली रोझा पार्क्स ह्यांना अटक झाली तेव्हा जामिनासाठी धावले ते निक्सन, आणि त्यातून ३८१ दिवसांचा बसबहिष्कार उभा राहिला. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाचे धुरीणत्व रँडॉल्फ ह्यांचे. एक गेलेला, एक राहिलेला; युनियन मात्र एकच.

डग्लस आणि ग्रीनर ह्यांच्या वादाचा निकाल आमच्या मते येथे लागतो. जाणारा पळपुटा नव्हे आणि राहणारा भित्रा नव्हे. दोघांमधला धागा तुटला म्हणजे दोघेही मालकाच्या हाती सापडतात.

तो फिटर पुन्हा आला तेव्हा आम्ही त्याला एवढेच सांगितले, "बाबा, जायचे की नाही ते तू आणि आई मिळून ठरवा. पण आधी तिथे गेलेल्या चार जणांना फोन कर. हातात काय पडते, खोलीभाडे किती, आठ तासांवर काम झाले तर जादा मजुरी मिळते का, ते विचार. गेलास तर तिथल्या युनियनचे दार ठोठाव, आणि इथली वर्गणी बंद झाली तरी कळवत राहा."

तो गेला. त्याच सुमारास आमच्या वसाहतीत बिहारातून काही पोरे कामाला आली. त्यांची नावे आमच्या वहीत अजून चढलेली नाहीत. दार लावून बसणाऱ्यांत आम्हीही आहोत काय, हे ती वही सांगेल.