सावेदादांचें यंत्र

हिंगोलीच्या रामलीला मैदानावर दसऱ्याच्या रात्रीं जी गर्दी लोटते, ती पाहावी म्हणून गतवर्षीं मी मुद्दाम गेलों होतों. येथल्या दसऱ्याची परंपरा जुन्या लष्करी छावणीच्या काळापर्यंत मागें नेली जाते, आणि रावणदहनाच्या घटकेला मैदानांत मुंगीला शिरावयास वाट उरत नाहीं. रावणानें पेट घेतला तसे हजारों हात एकदम वर गेले. प्रत्येक हातांत मोबाइल, आणि प्रत्येक मोबाइलांत तोच एक जळता रावण! एक तरुण मात्र रावणाकडे पाठ करून उभा होता. फुगे विकणारा एक म्हातारा, काठी खांद्याला टेकून, मान वर करून आगीकडे पाहात होता. त्याच्या तोंडावर उजेड कसा कमीजास्त होतो तें हा पोरगा टिपीत होता. मीं म्हटलें, "बाबा, रावण तिकडे जळतो आहे." हात न हलवितां तो म्हणाला, "काका, रावण समदेच काढायलेत. ह्या बाबाला कोण काढणार?"

पुढें त्याच्याशीं बोलणें झालें. त्याची सारी सामग्री म्हणजे तो मोबाइल, सदऱ्याला अडकविण्याचा बोटाच्या पेराएवढा माइक, आणि खिशांत एक पॉवर बँक. तेवढ्यावर तो नर्सीहून निघणाऱ्या नामदेवांच्या पालखीबरोबर चार मुक्काम चालला होता, वसमतकडे हळद शिजविणाऱ्या मजुरांत जाऊन बसला होता. परंतु या कामाविषयीं त्याच्या मनांत फारसा आदर नव्हता. मोठा कॅमेरा आला म्हणजे खरें काम सुरू करीन, असें तो दोनदां म्हणाला. हें जें चाललें आहे तो केवळ पोरखेळ, अशी कोणीतरी त्याची खात्री करून दिली होती. त्याला मीं जें सांगितलें तेंच येथें थोड्या विस्तारानें लिहितों.

चलच्चित्रांचा जन्म झाला तेव्हां त्यांचीं दोन कुळें होतीं. अमेरिकेंत एडिसनचा कॅमेरा विजेवर चाले, आणि इतका अवजड असे कीं, त्याच्यासाठीं काळ्या डांबरी कागदानें मढविलेली एक खोलीच बांधावी लागली. नट, मल्ल, नर्तकी, सगळ्यांनीं त्या खोलींत यावें आणि यंत्रापुढें उभें राहावें. फ्रान्सांत ल्यूमिएर बंधूंनीं १८९५ सालीं जें यंत्र केलें तें सुमारें पांच किलो वजनाचें होतें. तें हातानें फिरवावयाचें. त्यानेंच चित्र घ्यावयाचें, त्यानेंच प्रत काढावयाची, आणि रात्रीं मागें दिवा ठेवून त्यानेंच पडद्यावर दाखवावयाचें. एका फितीची लांबी सुमारें सतरा मीटर, म्हणजे खेळ पन्नास सेकंदांचा. एडिसनच्या घरीं जग पाहुणें म्हणून येई. ल्यूमिएरचा माणूस पेटी उचलून जगाच्या घरीं जाई. असाच एक माणूस, मारियस सेस्तिए, ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर मुंबईस उतरला, आणि ७ जुलै १८९६ रोजीं वॉटसन हॉटेलांत त्यानें हिंदुस्थानांतील पहिला खेळ केला.

हे खेळ पाहणाऱ्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे होते. लोक त्यांना सावेदादा म्हणत. त्यांचा धंदा छायाचित्रणाचा. इतरांनीं तोंडांत बोट घातलें, आणि यांनीं लंडनला पत्र टाकून चलच्चित्रें घेण्याचा कॅमेरा मागविला. किंमत एकवीस गिन्या, म्हणजे त्या वेळच्या हिशेबानें सुमारें ३३० रुपये. चलच्चित्रें टिपणारे पहिले भारतीय म्हणून आज त्यांचेंच नांव घेतलें जातें. यंत्र हातीं आल्यावर त्यांनीं काय टिपलें? मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्यें दोन पैलवानांची कुस्ती, १८९९ च्या सुमारास. आणि त्यानंतर माकडाचा खेळ शिकविणारा मदारी.

हे विषय ऐकून पुष्कळ लोक हंसतात. मला मात्र त्यांत मोठें व्यवहारज्ञान दिसतें. त्या काळची फीत मंद होती. भर उन्हावांचून तिच्यावर कांहीं उमटत नसे. कॅमेरा तिकाटण्यावर एकदां रोवला म्हणजे रोवला, आणि फीत मिनिट-दोन मिनिटांत संपावयाची. अशा अडचणींत सांपडलेल्या माणसाला कुस्तीसारखा विषय दुसरा कोणता? ती उघड्यावर होते, हौद्याबाहेर जात नाहीं, आणि क्षणोक्षणीं कांहींतरी घडत असतें. मदाऱ्याचेंही तसेंच, त्याचा रंगमंच म्हणजे रस्त्यावरची दोन हात जागा. यंत्राच्या दारिद्र्यानें दादांना राजवाड्यांतून व नाटकगृहांतून बाहेर काढलें आणि रस्त्यावर आणून उभें केलें. फीत धुण्याची सोय येथें नव्हती. ती धुण्यासाठीं लंडनला पाठवावी लागे. म्हणजे कुस्ती घेतली त्या दिवशीं तींत काय उमटलें आहे हें दादांस ठाऊक नसे. बोट जाऊन परत येईपर्यंत कित्येक आठवडे वाट पाहावयाची. एवढा धीर आज कोणाजवळ आहे?

केंब्रिज येथें सीनियर रँग्लर होऊन रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे डिसेंबर १९०१ मध्यें स्वदेशीं परतले, तेव्हां मुंबईंत झालेलें त्यांचें स्वागतही दादांनीं टिपलें. आपल्याकडील पहिला वार्तापट तो हाच, असें मानतात. एका गणिती तरुणासाठीं लोक जमले आहेत आणि त्या गर्दींत एक देशी माणूस स्वतःच्या यंत्राचा दांडा फिरवीत आहे, हें दृश्य मला तरी फार मोलाचें वाटतें. त्यानंतर १९०३ च्या जानेवारींतला दिल्ली दरबार. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाचा तो थाट, कर्झनसाहेबांचे हत्ती, राजेरजवाड्यांच्या स्वाऱ्या, हें सारें टिपावयास परदेशी कंपन्यांचींही यंत्रें तेथें होतीं. दादांचें यंत्र तेंच, वजन तेंच. पण येथें तें सगळ्या हातांबरोबर रावणाकडे वळलेलें होतें, असें म्हटल्यावांचून राहवत नाहीं. त्याच १९०३ सालीं हैदराबाद कंटिन्जंट मोडून हिंगोलीची छावणी उठली. कित्येक पिढ्या बाजाराला गिऱ्हाईक असलेलें लष्कर निघून गेलें. मागें राहिलेल्या वाण्याशिंप्यांचीं, भिस्त्यांचीं तोंडें त्या दिवशीं कशीं दिसत होतीं, हें पाहणारी कांच दिल्लीला गुंतली होती.

पुढें दादांनीं चित्रणाचा नाद सोडला. यंत्र करंदीकर, पाटणकर व दिवेकर या मंडळींनीं घेतलें, आणि दादा मुंबईच्या गेइटी थिएटरची व्यवस्था पाहूं लागले. १९५८ सालीं ते वारले. कुस्ती, मदारी, परांजप्यांचें स्वागत, यांपैकीं एकही फीत आज उरलेली नाहीं. कलकत्त्यास हिरालाल सेन यांनीं १९०५ च्या वंगभंगविरोधी चळवळीचें चित्रण केलें होतें. त्यांचा सारा संग्रह १९१७ सालीं आगींत गेला. दादासाहेब फाळक्यांनीं सुद्धां आरंभ केला तो कुंडींतल्या वाटाण्याच्या रोपापासून, रोज थोडें थोडें चित्र घेऊन. मग पौराणिक कथा आल्या. १९३१ सालीं चित्रपट बोलूं लागला, आणि कॅमेऱ्याचा आवाज ऐकूं येऊं नये म्हणून त्याला पेटींत कोंडावा लागला. एडिसनचें कूळ फिरून गादीवर आलें. बातमीदारांच्या हातांत किल्लीवर चालणारा आयमो कॅमेरा होता खरा; पण त्याच्या शंभर फुटांच्या फितीला बोलपटाच्या वेगानें मिनिटाहून थोडाच अधिक वेळ पुरे.

यांत एक उदाहरण निराळें आहे. १९७४ मध्यें बिहारांत जयप्रकाशांचें आंदोलन चाललें होतें, तेव्हां मुंबईचे आनंद पटवर्धन यांनीं घरगुती चित्रणासाठीं असलेल्या सुपर-आठ कॅमेऱ्यानें तें टिपलें, आणि पुढें तें सोळा मिलिमीटरच्या फितीवर उतरवून घेतलें. आणीबाणी आल्यावर त्या चित्रपटाची प्रत तुकडे करून निरनिराळ्या लोकांबरोबर परदेशीं गेली व तेथें पुन्हां जोडली गेली. 'क्रांति की तरंगें' आज पाहावयास मिळतो तो असा.

इतकें सारें ऐकून तो पोरगा थोडा खुलला. पैलवानांचीं नांवें लागलीं का, माकड खरोखर शिकलें का, असे प्रश्न त्यानें विचारले. मीं म्हटलें, "आतां तुझी पालखी दाखव." तो ओशाळला. मोबाइलांत जागा उरली नव्हती. दसरा घेण्यासाठीं पालखीचे चारही मुक्काम त्यानें सकाळींच पुसून टाकले होते.