संहितेआधीचा खेळ : सूत्रधार, नायक आणि शब्दांवर चालणारे भूमिकाखेळ

मराठी रंगभूमीचा इतिहास १८४३ पासून सुरू करण्याचा आपला प्रघात आहे. त्या वर्षी सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ हे आख्यान रंगमंचावर आणले. परंतु या प्रारंभाचा गौरव करीत असतानाच आपले इतिहासकार त्यात एक उणीवही नोंदवितात : भाव्यांच्या नाटकांना लिखित संवाद नव्हते. ही उणीव भरून निघाली ती १८६१ मध्ये, विनायक जनार्दन कीर्तने यांच्या ‘थोरले माधवराव पेशवे’ या नाटकाने. म्हणजे १८४३ ते १८६१ हा काळ संहितेची वाट पाहण्याचा काळ ठरतो. ही मांडणी कितपत ग्राह्य मानावी, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे. तो विचारण्यास निमित्त झाला आहे एक सर्वस्वी वेगळा प्रकार : केवळ शब्दांच्या आधारे खेळले जाणारे भूमिकाखेळ आणि ते चालविणारा ‘गेम मास्टर’.

प्रथम भाव्यांच्या प्रयोगाचे स्वरूप पाहू. १८४२ मध्ये उत्तर कानड्यातील कर्की येथील भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले. ते पाहून तशाच स्वरूपाचे, पण मराठी खेळ रचण्याची आज्ञा चिंतामणराव पटवर्धनांनी भाव्यांना केली. त्यातून उभ्या राहिलेल्या नाटकात आरंभी मंगलाचरण, विदूषकाचा प्रवेश, गणपती व सरस्वती यांचे आगमन असा क्रम असे. पुढे मुख्य आख्यान सुरू झाले तरी सूत्रधार निघून जात नसे. साथीदारांसह तो रंगमंचावरच उभा राही. प्रसंगाचे वर्णन, स्थळाचा निर्देश, पात्राचा मनोभाव हे सारे त्याच्या पदांतून येई. पद संपले की त्या अनुरोधाने पात्र स्वतःच्या शब्दांत गद्य भाषण करी. हे भाषण त्याला कोणी लिहून दिलेले नसे. राक्षसपार्ट्यांच्या आरोळ्यांवरून पुढे या नाटकांना ‘अललडुर्र’ म्हणून हिणविले गेले. त्या उपहासामुळे एका व्यवस्थेकडे मात्र आपले दुर्लक्ष झाले. सूत्रधार चौकट घालून देतो, पात्र त्या चौकटीत बोलते, आणि ते जे बोलले त्यावरून पुढचे पद केव्हा उचलायचे हे सूत्रधार ठरवितो. ही व्यवस्था शिथिल नव्हती. तिचे नियम होते, फक्त ते कागदावर नव्हते.

अशी व्यवस्था भाव्यांनी शून्यातून निर्माण केली नाही. कोकणातील दशावतारात आजही कथानकाचा आराखडा तेवढा ठरलेला असतो आणि संवाद नट रंगमंचावर रचतात. मराठवाड्यात याचे अधिक प्राचीन रूप गोंधळात आढळते. जिंतूरच्या पूर्वेस माहूर आणि दक्षिणेस तुळजापूर अशी देवीची दोन पीठे आहेत. रेणुराई व कदमराई हे गोंधळ्यांचे दोन भेद याच दोन पीठांशी निगडित आहेत. लग्नादी मंगलकार्यानंतर गोंधळ घालण्याचा कुळाचार परभणी जिल्ह्याच्या या भागात परिचित आहे. संबळ, तुणतुणे, झांज आणि पेटती दिवटी एवढ्या सामग्रीवर रात्र उभी राहते. गण, देवतांचे आवाहन, आख्यान व आरती हा क्रम ठरलेला असतो. पण त्या क्रमाच्या आत नायकाला पुष्कळ मोकळीक असते. आवाहनात यजमानाचे कुलदैवत व गावचे दैवत यांना स्थान द्यावे लागते. आख्यान किती लांबवायचे हे श्रोत्यांच्या उत्साहावर आणि उरलेल्या रात्रीवर अवलंबून असते. मुख्य म्हणजे नायक एकटा कथा सांगत नाही. त्याचा साथीदार मध्येच शंका काढतो, मुद्दाम चुकीचा अर्थ लावतो, क्षणात कथेतील पात्र होतो आणि पुन्हा साथीदार होतो. या सोंगसंपादणीतून येणारे प्रत्येक वळण नायकाला स्वीकारावे लागते आणि तरीही आख्यान मूळ वाटेवर आणावे लागते. नायकाचे कौशल्य पाठांतरात जितके असते तितकेच ते या निवाड्यात असते.

आता वर उल्लेखिलेल्या खेळांकडे वळू. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याचे नियम तीन लहान पुस्तिकांत होते. खेळ चालविणाऱ्याला त्यांत ‘रेफरी’, म्हणजे पंच, म्हटले आहे. हा पंच स्थळाचे वर्णन करतो आणि आता तुम्ही काय करता, असे खेळाडूंना विचारतो. खेळाडू आपापल्या पात्राच्या वतीने उत्तर देतात, आणि त्या कृतीचा परिणाम पंच नियम, फासे व स्वतःचा विवेक यांच्या आधारे सांगतो. १९७६ मध्ये विल क्राउदर यांनी ‘अ‍ॅडव्हेंचर’ हा संगणकावरील खेळ रचला, तेव्हा निवेदकाचे काम यंत्राकडे गेले. पण ते यंत्र मोजकेच शब्द ओळखत होते. १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल यांच्या प्रयत्नांतून ‘मड’ हा खेळ निर्माण झाला. त्यात अनेक खेळाडू एकाच शब्दमय जगात एकमेकांना भेटू लागले. पुढे पडद्यावर केवळ मजकूर टंकून, परंतु माणसाच्याच सूत्रसंचालनाखाली, असे खेळ खेळण्याची पद्धत रूढ झाली. तेथे अरण्य, किल्ला, शत्रू यांना शब्दांखेरीज अस्तित्व नसते. भाव्यांच्या रंगमंचावर अरण्य सूत्रधाराच्या पदातून उभे राहत होते, याचे येथे स्मरण व्हावे.

या साम्यावरून गेम मास्टर हा सूत्रधाराचा वंशज आहे असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद होईल. दोहोंत ऐतिहासिक संबंध नाही. साम्य आहे ते कार्याचे : चौकट मांडणे, दुसऱ्याच्या अनपेक्षित उक्तीला वाट देणे आणि तिचा परिणाम ठरविणे. भेदही तितकेच मूलगामी आहेत. गोंधळातील आख्यानाचा शेवट सर्वांना ठाऊक असतो. औत्सुक्य असते ते तेथवर कसे पोहोचायचे याचे. भूमिकाखेळात शेवट चालविणाऱ्यालाही पूर्णपणे माहीत नसतो. गोंधळाला श्रोते असतात, यजमान असतो, देवता असते. भूमिकाखेळात खेळणारे तेच प्रेक्षक असतात. नायकाचा अधिकार परंपरेने व जातिव्यवसायाने आलेला असतो, तर गेम मास्टरचा अधिकार खेळाडूंच्या संमतीपुरताच टिकतो.

तरीही हे साम्य आपल्याला एका ठिकाणी उपयोगी पडते. मिलमन पॅरी व अल्बर्ट लॉर्ड यांच्या संशोधनापासून, विशेषतः लॉर्ड यांच्या १९६० मधील ‘द सिंगर ऑफ टेल्स’ या ग्रंथानंतर, प्रयोगातच होणाऱ्या रचनेचा विचार आपण मौखिकतेशी जोडत आलो आहोत. शब्दांवर चालणारा भूमिकाखेळ या समीकरणाला छेद देतो. तेथे प्रत्येक वाक्य लिहिलेले असते, आणि खेळ संपल्यावर संपूर्ण नोंद हाती राहू शकते. तरीही खेळाच्या आधी संहिता नसते. तेव्हा महत्त्वाचा भेद लिखित व मौखिक असा मानण्यापेक्षा, प्रयोगाला पूर्ववर्ती असलेली संहिता आणि प्रयोगातून उरलेली संहिता असा मानणे अधिक योग्य ठरेल. पहिली प्रयोगाला आज्ञा देते. दुसरी झालेल्या निर्णयांची केवळ खूण असते. न घेतलेले पर्याय तिच्यात दिसत नाहीत.

या भेदाच्या प्रकाशात एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध निराळा दिसू लागतो. कीर्तन्यांच्या नाटकापासून ‘बुकिश’ नाटके प्रतिष्ठित झाली आणि नटाच्या शब्दावरील अधिकार प्रयोगस्थळी नसलेल्या लेखकाकडे गेला. १८८० च्या किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’त सूत्रधार आहे, पण तो प्रास्ताविकापुरता. हा बदल केवळ अभिरुचीचा नव्हता. बंगाली रंगभूमीवरील राजकीय उपहासामुळे अस्वस्थ झालेल्या सरकारने १८७६ मध्ये नाट्यप्रयोगांचा कायदा केला. प्रयोगाला बंदी करण्याचा आणि, जाहीर केलेल्या क्षेत्रात परवान्यासाठी, नाटकाची प्रत आगाऊ मागण्याचा अधिकार त्याने शासनाला दिला. ज्याची प्रत आहे ते तपासता येते. ऐनवेळी उमटणारे वाक्य तपासता येत नाही. संहितेची प्रतिष्ठा वाढविणाऱ्या शक्तींत साहित्यदृष्टीइतकीच ही प्रशासनदृष्टीही गणली पाहिजे. वसाहतीनंतरच्या काळातही पूर्वपरिनिरीक्षणाची पद्धत याच गृहीतकावर उभी राहिली.

भाव्यांनी स्वतः १८८५ मध्ये ‘नाट्यकवितासंग्रह’ प्रसिद्ध केला. त्यात आख्यानांची पदे आहेत. पात्रांची गद्य भाषणे नाहीत, कारण ती कधी स्थिर नव्हतीच. हा संग्रह वाचून भाव्यांचे नाटक प्राथमिक अवस्थेचे होते असे म्हणणे म्हणजे अर्धाच संवाद ऐकून दुसऱ्याला मुका ठरविणे होय. ही पदे पूर्ण कृती म्हणून वाचण्यापेक्षा प्रश्न म्हणून वाचली पाहिजेत : या पदानंतर पात्राला काय बोलण्याची मुभा होती, आणि कशाची नव्हती?

हाच प्रश्न लोकप्रयोगांच्या अभ्यासालाही लागू आहे. आपल्या विद्यापीठीय संशोधनात एखाद्या गोंधळाचे एकदा ध्वनिमुद्रण करून त्याचे लिप्यंतर ‘संहिता’ म्हणून परिशिष्टात जोडले जाते, आणि विश्लेषण त्या मजकुरावर होते. नायकाने त्या रात्री काय गाळले, साथीदाराच्या कोणत्या शंकेला उत्तर दिले, कोणती टाळली, यजमानाच्या उपस्थितीमुळे काय बदलले याची नोंद त्यात नसते. एकाच नायकाची एकाच आख्यानाची तीन-चार सादरीकरणे शेजारी ठेवल्याशिवाय ही वळणे दिसणार नाहीत. अभ्यासाचे एकक ओळ किंवा कडवे न मानता वळण मानावे लागेल. हे काम निकडीचे आहे. लिप्यंतरे पुष्कळ उरतील, पण निवाड्याची विद्या नायकाबरोबर जाते. आणि ती गेल्यावर उरलेल्या कागदांवरून ती परंपरा अपरिपक्व होती, असा निर्णय देणे पुढच्या समीक्षकाला सोपे जाईल. भाव्यांच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे.