हंटेरियन संग्रहालय, लंडन

हंटेरियन संग्रहालय : लंडनमधील लिंकन्स इन फील्ड्स या चौकात, इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या वास्तूत असलेले शरीररचना, विकृतिविज्ञान व शल्यचिकित्सेचा इतिहास यांचे संग्रहालय. स्कॉटिश शल्यचिकित्सक जॉन हंटर (१७२८–९३) यांनी जमविलेले सुमारे १४,००० नमुने हा त्याचा मूळ गाभा. ग्लासगो विद्यापीठाचे याच नावाचे संग्रहालय (१८०७) थोरले बंधू विल्यम हंटर यांच्या संग्रहावर उभे असून त्याचा या संस्थेशी संबंध नाही.

संग्रहाची घडण : जॉन हंटर १७४८ मध्ये लंडनला भावाच्या शवविच्छेदनशाळेत मदतनीस म्हणून आले. पुढे सैन्यात शल्यचिकित्सक, १७६७ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य व १७६८ पासून सेंट जॉर्ज रुग्णालयात शल्यचिकित्सक. १७८३ मध्ये त्यांनी लेस्टर स्क्वेअरमधील घर घेतले व मागच्या बाजूस संग्रहासाठी स्वतंत्र दालन बांधले. ते वर्षातून दोनदाच दाखवीत : मे महिन्यात प्रतिष्ठितांना, ऑक्टोबरात वैद्यकातील मंडळींना.

हंटर यांची मांडणी प्राणिजातीनुसार नव्हती, कार्यानुसार होती. हालचाल, पचन, रुधिराभिसरण, प्रजनन असे विभाग करून प्रत्येकात साध्या जिवापासून माणसापर्यंतची इंद्रिये ओळीने लावलेली. त्यामुळे माशाचे जठर आणि माणसाचे जठर एकाच फळीवर येई. रोगग्रस्त अवयवांची मालिका वेगळी. स्वतःच्या रुग्णांचे अवयवही त्यांनी मिळविले. डिसेंबर १७८५ मध्ये एका गाडीवानाच्या गुडघ्यामागील धमनीविस्फारावर पाय न कापता, मांडीतील धमनी बांधून त्यांनी इलाज केला. १७८७ मध्ये तो माणूस तापाने गेल्यावर तो पाय मिळविण्यासाठी त्यांनी पैसाही खर्च केला आणि खटपटही केली. दातांवरील ग्रंथासाठी (१७७१) केलेल्या प्रयोगांपैकी कोंबड्याच्या तुऱ्यात रुजविलेला माणसाचा दात आजही बरणीत पाहता येतो. हंटर यांनी त्यावरून दातांच्या रोपणाला दिलेले प्रोत्साहन मात्र पुढे चुकीचे ठरले.

जतनाची रीत : ओल्या नमुन्यांसाठी मद्यार्क वापरीत. अवयव दोऱ्याने टांगून बरणीच्या तोंडावर डुकराचे मूत्राशय ओले असताना ताणून बांधायचे, त्यावर कथील किंवा शिशाचा पत्रा, पुन्हा मूत्राशय आणि शेवटी काळा लेप, अशी झाकणाची जुनी पद्धत. रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून त्यांत हिंगूळ कालवलेले मेण भरीत. मद्यार्क उडतो, पातळी उतरते, नमुना उघडा पडतो. म्हणून अशा संग्रहाला रोजचा राखणदार लागतो. या संग्रहाला तो मिळाला हेच त्याचे नशीब.

विल्यम क्लिफ्ट (१७७५–१८४९) : कॉर्नवॉलमधील बॉडमिन गावचा हा मुलगा १७९२ मध्ये हंटर यांच्याकडे शिकाऊ म्हणून आला, चित्रे काढणे, सांगितलेले उतरवून घेणे ही त्याची कामे. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या सभेत हंटर कोसळले व मरण पावले. मागे कर्ज राहिले. संग्रह विकला जाईपर्यंत सहा वर्षे क्लिफ्ट यांनी आठवड्याला सात शिलिंगांवर तो एकट्याने सांभाळला. या काळात त्यांनी हंटर यांच्या हस्तलिखितांच्या नकलाही करून ठेवल्या. तसे करायला त्यांना कोणी सांगितले नव्हते. ब्रिटिश सरकारने १७९९ मध्ये १५,००० पौंडांना संग्रह विकत घेऊन शल्यचिकित्सकांच्या संघाच्या हवाली केला. १८०० मध्ये त्या संघाचे रॉयल कॉलेज झाले आणि क्लिफ्ट पहिले संग्रहपाल नेमले गेले.

हंटर यांचे मेहुणे व मृत्युपत्राचे एक विश्वस्त सर एव्हरार्ड होम यांनी मूळ हस्तलिखिते सूची करण्यासाठी म्हणून घरी नेली. सूची झाली नाही. १८२३ मध्ये त्यांनी ती जाळली. होम यांच्या असंख्य निबंधांतील मजकूर हंटर यांचाच असावा, असा आरोप समकालीनांनी केला. याबद्दल मतभेद आहेत. १८३४ च्या संसदीय समितीपुढे क्लिफ्ट यांनी या प्रकरणी साक्ष दिली. त्यांच्या नकला जावई रिचर्ड ओवेन यांच्याकडे आल्या आणि १८६१ मध्ये दोन खंडांत छापल्या गेल्या. नमुन्यांची पाच खंडांची वर्णनात्मक सूचीही ओवेन यांचीच (१८३३–४०). संग्रहालयाची खरी मिळकत बरण्यांइतकीच या कागदांत आहे.

वास्तू व हानी : लिंकन्स इन फील्ड्स येथे १८१३ मध्ये उद्घाटन. १८३० च्या दशकात चार्ल्स बॅरी यांनी पुनर्बांधणी केली. मे १९४१ मधील बॉम्बहल्ल्यात संग्रहाचा मोठा भाग नष्ट झाला; हंटर यांच्या मूळ नमुन्यांपैकी सुमारे ३,५०० उरले. १९६३ मध्ये संग्रहालय पुन्हा खुले झाले.

अन्य संग्रह : पाद्वा येथे सतराव्या शतकात तयार झालेले, जॉन एव्हलिन यांनी इंग्लंडला आणलेले चार शारीरफलक (लाकडी फळ्यांवर चिकटविलेल्या खऱ्या नसा व रक्तवाहिन्या), शल्यचिकित्सक लिस्टर यांची उपकरणे, गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांचा अर्धा मेंदू. पहिल्या महायुद्धातील चेहऱ्याच्या जखमांची हेन्री टाँक्स यांनी काढलेली पेस्टल चित्रे विशेष मोलाची. अशा चेहऱ्यांवर होणाऱ्या प्लास्टिक सर्जरीच्या धाग्याचे एक टोक पुण्यात आहे. टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला कपाळावरील त्वचेचे नवे नाक बसविल्याचा वृत्तांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापला गेला. त्यावरून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनला ती शस्त्रक्रिया केली व १८१६ मध्ये ग्रंथ लिहिला. नाक बसविणाऱ्या कारागिराचे नाव त्या वृत्तांतात नाही.

चार्ल्स बर्न यांचा सांगाडा : ‘आयरिश राक्षस’ म्हणून खेळांतून दाखविले गेलेले, सुमारे २.३१ मी. उंचीचे बर्न १७८३ मध्ये बाविसाव्या वर्षी वारले. शव शल्यचिकित्सकांच्या हाती पडू नये म्हणून समुद्रात सोडावे, अशी त्यांची इच्छा होती. हंटर यांनी ते शव पैसे चारून मिळविले. रकमेचे आकडे वेगवेगळे दिले जातात. १९०९ मध्ये मेंदूचे शल्यचिकित्सक हार्वे कुशिंग यांना कवटीत पियूष ग्रंथीची वाढलेली खोबण आढळली, आणि २०११ मध्ये दातातील डीएनएवरून या अतिवाढीमागचे जनुकीय उत्परिवर्तन सिद्ध झाले. त्याच वर्षी सांगाड्याला जलसमाधी द्यावी अशी जाहीर मागणी झाली. जानेवारी २०२३ मध्ये तो प्रदर्शनातून हटविण्याचे ठरले. संशोधनासाठी मात्र राखून ठेवला आहे. त्याच्याऐवजी जोशुआ रेनॉल्ड्स यांनी रंगविलेले हंटर यांचे व्यक्तिचित्र मांडले असून त्या चित्राच्या वरच्या कोपऱ्यात बर्न यांच्या सांगाड्याचे पाय दिसतात. हा निर्णय अर्धवट आहे, ही टीका रास्त आहे.

सद्यःस्थिती : २०१७ मध्ये बंद झालेले संग्रहालय मे २०२३ मध्ये नव्या मांडणीसह उघडले. दोन हजारांवर नमुने मांडलेले आहेत. मंगळवार ते शनिवार खुले, प्रवेश विनामूल्य.