बांधावरचा रस्ता

मागच्या महिन्यात ऑफिसातल्या एका मित्राने फ्रान्समधल्या सायकल ट्रिपचे फोटो ग्रुपवर टाकले. डोंगरउतारावरून वळत जाणारी पांढुरकी कच्ची वाट, बाजूला द्राक्षमळे आणि जाड टायरची, वाकड्या हँडलची सायकल. या प्रकाराला हल्ली ग्रॅव्हल बायकिंग म्हणतात. म्हणजे काय, तर मुद्दाम डांबरी रस्ता सोडून खडी-मातीच्या रस्त्याने जायचं. माझ्या आजोबांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, "अरे, मग आम्ही जन्मभर काय केलं?" :-)

गंमत सोडा, पण आजोबांचा मुद्दा बरोबरच ठरला असता. फ्रान्समध्येसुद्धा सायकल आधी आली आणि डांबर नंतर. पॉल द व्हिव्ही नावाचा एक गृहस्थ 'वेलोसिओ' या टोपणनावाने लिहायचा. सेंतेतिएनच्या आसपासच्या डोंगरांत तो अशाच रस्त्यांवरून सायकल हाकायचा, आणि चढावर गिअर हवेतच म्हणून भांडायचा. तूर द फ्रान्सवाल्यांनी मात्र १९३७ पर्यंत साखळी बदलणारे गिअर वापरू दिले नाहीत. १९१० साली त्या शर्यतीत पहिल्यांदा तूरमाले ही २,११५ मीटर उंचीची खिंड घातली, तेव्हा तिथला रस्ता धोंडे आणि चिखल यांचाच होता. तेव्हा त्याला कोणी ग्रॅव्हल म्हटलं नाही. रस्ता म्हणजे तोच होता.

तर मग ठरवलं की आपला ग्रॅव्हल आपल्याच बाजूला शोधायचा. शनिवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत सायकल टाकली आणि मांडव्याला उतरलो. बेत असा: मांडवा, सासवणे, चोंढी, थळ, तिथून कार्ले खिंडीतून डोंगर ओलांडून पोयनाड, आणि खारेपाटातून हाशिवऱ्यावरून परत मांडवा. साठेक किलोमीटर. मोबाईलच्या नकाशावर डांबरी रस्ता जाड रेघेने आणि कच्चा रस्ता तुटक रेघेने दाखवतात. मी शक्य तिथे तुटक रेघ पकडायची असं ठरवलं होतं. संध्याकाळपर्यंत लक्षात आलं की त्या प्रत्येक तुटक रेघेमागे कोणाचं तरी काम आहे. हा लेख त्याबद्दल.

थळला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधली अरुंद गल्ली, दोन्हीकडे गडगे, आणि पुढे एकदम समुद्र. किनाऱ्यावर मासळी वाळत घातलेली. समोर दोन बेटं दिसतात. जवळचं उंदेरी, लांबचं खांदेरी. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात खांदेरी आहे. तिथे १८६७ सालचं दीपगृह आहे आणि कोळ्यांचा वेताळही आहे.

१६७९ च्या पावसाळ्याअखेर शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदीचं काम सुरू केलं. कामावर मायनाक भंडारी होता. मुंबईच्या तोंडावर मराठ्यांचा किल्ला होणं इंग्रजांना परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांनी जहाजं आणून बेटाची नाकेबंदी केली. १८ ऑक्टोबरला (त्यांच्या जुन्या कॅलेंडरप्रमाणे) मोठी लढाई झाली. मराठ्यांची गलबतं पहाटे इंग्रजांवर चालून गेली, 'डव्ह' नावाची त्यांची गुराब मराठ्यांनी पकडली, आणि कॅप्टन केग्विन असलेलं 'रिव्हेंज' तेवढं टिकलं. पण मला त्या लढाईपेक्षा रोजची कथा जास्त आवडते. इंग्रजांची मोठी जहाजं वाऱ्यावर अवलंबून. मराठ्यांच्या छोट्या होड्या वल्ह्यांवर चालणाऱ्या. रात्रीच्या अंधारात त्या किनाऱ्यावरून सुटायच्या आणि नाकेबंदीतून बेटावर रसद पोचवायच्या. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी तह करून माघार घेतली. त्याच महिन्यात सिद्दीने उंदेरी बळकावली, ते दुखणं पुढे बरीच वर्षं पुरलं.

आता विचार करा. होडीत चढण्याआधी ती रसद किनाऱ्यापर्यंत जमिनीवरूनच आली असणार. बैलाच्या पाठीवर, नाहीतर माणसाच्या डोक्यावर. इतिहासाच्या पुस्तकात मायनाक भंडारी असतो, दौलतखान असतो, केग्विन असतो. ओझं वाहणारा नसतो. आणि वाट पाडतो तो हाच. डोक्यावर ओझं असलेला माणूस सरळ चढत नाही, तो चढ चुकवत वळसा घेऊन जातो. सायकलवालाही नेमकं तेच करतो. त्यामुळे जुनी पायवाट सायकलला सोयीची निघते, यात आश्चर्य नाही.

अपवाद कनकेश्वराचा. मापगावातून कनकेश्वराच्या देवळाकडे दगडी पायऱ्या जातात, सातशेच्या आसपास. मी पायथ्याशी सायकल टेकवून वर नुसतं बघितलं आणि हात जोडले. असो.

कार्ले खिंड मात्र झकास. अलिबागच्या मागची डोंगररांग इथे जरा खाली वाकते आणि अलिबाग-पेण रस्ता त्यातून पलीकडे उतरतो. वाटेत पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या. खिंड उतरलात की देखावा एकदम बदलतो. समुद्राकडे वाड्या होत्या, इकडे सपाट भातशेती आणि खाडी. हा खारेपाट. इथली कितीतरी जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीला, काही ठिकाणी तर तिच्याही खाली आहे. ती शेती आहे ती फक्त मातीच्या बांधांमुळे. खाडीला तोंड देणारा बांध तो बाहेरकाठा. पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायला त्यात लाकडी झडपेची उघाडी. आणि बांध फुटला की त्याला म्हणायचं खांड गेली. माझ्या नकाशावरच्या तुटक रेघा इथे सगळ्यात जास्त होत्या, कारण नकाशाला बांध आणि रस्ता यातला फरक कळत नाही.

पोयनाडजवळ चरी नावाचं गाव आहे. शाळेत आपण बार्डोलीचा सत्याग्रह शिकलो, चरीचा संप मला तरी कोणी शिकवला नाही. २७ ऑक्टोबर १९३३ ला नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली इथल्या कुळांनी ठरवलं की खोताची जमीन कसायची नाही. पंचवीस गावं त्यात उतरली. जमीन खोताच्या नावावर, मेहनत कुळाची, आणि पीक आलं की मोठा वाटा खोताचा, हे किती दिवस चालवून घ्यायचं? संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं! आपण अप्रेझल मनासारखं झालं नाही तर सहा आठवड्यांत नोकरी बदलतो. या लोकांनी सहा पावसाळे स्वतःचं हातातलं काम सोडून काढले. डॉ. आंबेडकर १९३४ साली चरीला येऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि १९३७ साली त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. १९३९ मध्ये मुंबई इलाख्यात कुळकायदा आला. ज्या जमिनीसाठी हे झालं, ती मुळात उभी होती ती कुळांनी वर्षानुवर्षं चिखलाचे ढेकूळ रचून राखलेल्या बांधांवर.

हे राखणं एकट्याचं काम नव्हे. शेजाऱ्याचा बांध फुटला तर माझंही शेत खारं होतं. म्हणून सगळ्यांनी मिळून डागडुजी करायची रीत होती. पुढे १९४८ साली खार जमीन कायदा आला, मग १९७९ साली महाराष्ट्राचा नवा कायदा, आणि बांधांची जबाबदारी सरकारी खात्याकडे जात गेली. तरुण माणसं कारखान्यात, मुंबईत कामाला लागली. खांड बुजवायला उशीर होऊ लागला. खारं पाणी दोन-चार वर्षं शेतात राहिलं की तिथे कांदळवन उगवतं. आणि कांदळवन एकदा उगवलं की ते तोडता येत नाही. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याला कडक संरक्षण दिलं आहे. ते संरक्षण हवंच, किनारा त्यानेच वाचतो. पण ज्याचं भातशेत गेलं त्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला मी अशाच एका बाहेरकाठ्यावर होतो. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला कापलेलं भात आणि जिताड्यांचं तळं. ज्यासाठी आलो ते मिळालं म्हणून खूश होतो. समोरून एक म्हातारेबाबा खांद्यावर फावडं घेऊन आले आणि थांबले.

"पोरा, उतर खाली."

मला वाटलं, रस्ता बंद आहे. म्हटलं, "काका, पुढे जाता येत नाही का?"

"जायला काय, जा की. पण चालत जा. चाकाची चर पडते. पावसात पाणी त्या चरीतनंच वाट काढतं."

एवढं बोलून ते उघाडीकडे निघून गेले. मी मागे वळून बघितलं. माझ्या महागड्या टायरची नक्षी बांधाच्या माथ्यावर लांबपर्यंत उमटली होती. उतरलो. थोडं मागे जाऊन जिथे चर खोल वाटली तिथे बुटाने माती दाबली. कितपत उपयोग झाला माहीत नाही, पण तसंच पुढे जाववेना. मग बांध संपेपर्यंत सायकल हातात धरून चालत गेलो.

तेव्हा कोणाला हा रूट करायचा असेल तर जरूर करा. भात कापून झाल्यावर, डिसेंबर-जानेवारीत जा. थळच्या गल्ल्या, कार्ले खिंडीच्या आसपासच्या मुरमाच्या वाटा, हाशिवऱ्याकडचे कच्चे रस्ते खुशाल चालवा. फक्त बाहेरकाठा लागला की उतरा. रेकॉर्डिंगमध्ये माझा तिथला वेग ताशी चार किलोमीटर दिसतोय. मित्राने विचारलं, पंक्चर झालं होतं का? म्हटलं नाही, रस्ता दुसऱ्याचा होता.